बसते, पण जुळते का? जुन्या संगणकाची मेमरी वाढवताना

(झाई येथील व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरे.)



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाच्या रॅमवर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. पण हा विषय मुळात जुळण्याचा आहे. दोन वस्तू एकमेकींशी जुळतात म्हणजे नेमके काय होते, हे कोडे आमच्या शास्त्राने फार जुन्या काळापासून सोडवत आणले आहे. म्हणून आम्ही धीर केला.

दुसरे कारण व्यवहाराचे. झाई, बोरीगाव, घोलवड, बोर्डी, तलासरी या पट्ट्यात घरांत, शाळांत, छोट्या कार्यालयांत दहा-पंधरा वर्षांचे संगणक अजून आहेत. काही चालतात, काही कोपऱ्यात पडलेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि या यंत्रांचे करायचे काय हा प्रश्न घरोघर आला. त्यावर दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, भंगारात काढा. दुसरा म्हणतो, रॅम वाढवा, पळायला लागेल. दोन्ही सल्ले बहुधा यंत्र उघडून न बघता दिलेले असतात. आणि पैसे कुणाचे जातात? मुलाच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवलेले. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे मेमरीचे भाव चढले. चुकीची पट्टी घेतली तर ती कपाटात पडून राहते. म्हणून विकत घेण्याआधी अर्धा तास विचार करणे स्वस्त पडते. तो अर्धा तास कसा घालवावा, एवढेच आज सांगायचे आहे.

मेमरी म्हणजे कोणती?

‘मेमरी भरली’ असे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. फोटो ठेवायला जागा उरली नाही, ती डिस्क. आज आपण बोलतोय ते रॅमबद्दल. असं बघा, डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत पोतेभर तांदूळ असेल, पण शिजवताना जे लागते ते ओट्यावर काढावे लागते. ओटा लहान असेल तर दर दोन मिनिटांनी उठून कोठीत जावे लागते. संगणक ‘अडकतो’ म्हणजे पुष्कळदा हेच होत असते.

आणि हा ओटा विसरभोळा आहे. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार असला तर १, नसला तर ०. पण हा भार गळतो. गळक्या घागरीसारखा. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. लहानपणी आपण पाढ्यांची उजळणी करत होतो ना, तीच ही उजळणी, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. वीज गेली की उजळणी थांबते आणि सगळे पुसले जाते. ही उजळणी कोण घडवून आणतो? मेमरीचा नियंत्रक. जुन्या यंत्रात तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे, आता प्रोसेसरच्या आतच असतो. पट्टी आणि नियंत्रक यांचे एकमेकांशी पटले नाही, तर पट्टी कितीही चांगली असो, उपयोग शून्य.

जुळण्याचा प्रश्न निर्माण कधी झाला?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामाला लागला. भारतात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द. हिशेब केला तर १० किलोबाइट. आज ४ जीबीची जी पट्टी आपण ‘जुनी’ म्हणून बाजूला टाकतो, तिच्यात असल्या चार लाखांहून जास्त टिफ्रॅकांची मेमरी मावेल. पण आम्हाला दाखवायचे आहे ते वेगळेच. टिफ्रॅकची मेमरी टिफ्रॅकसाठीच घडवलेली होती. ती जुळेल का, हा प्रश्न कुणाला पडला नसणार.

भाग एकाने करायचा, यंत्र दुसऱ्याने, जोडणी तिसऱ्याने, अशी व्यवस्था आली तेव्हा हा प्रश्न आला. मग या सगळ्यांमध्ये एक करार लागतो. मेमरीच्या बाबतीत तो करार ‘जेडेक’ ही संस्था लिहिते. पट्टीची लांबी, पिनांची संख्या, खाचेची जागा, व्होल्टेज, वेग, सगळे त्यात येते. आपण दुकानात ‘डीडीआर३’ म्हणतो तेव्हा खरे म्हणजे या कराराचे नाव घेत असतो, कंपनीचे नाही.

बसणे वेगळे, जुळणे वेगळे

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागातलाच दाखला घेऊ. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत रूळ तेच, रुळांची रुंदी तीच. तरी चर्चगेटची जुनी लोकल विरारला थांबे. का? विरारच्या दक्षिणेला वरच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती आणि उत्तरेला २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती. चाके रुळावर ‘बसत’ होती, पण गाडी विजेशी ‘जुळत’ नव्हती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सत्तरच्या दशकात दोन्ही विजांवर चालणारी ‘डब्ल्यूसीएएम-१’ जातीची इंजिने आली. २०१२ मध्ये विरारपर्यंतची सगळी तार बदलून झाली आणि २०१३ मध्ये लोकल डहाणूला पोचली.

रॅमचेही असेच आहे. खाचेत बसली म्हणजे चालेल असे नाही. चालली म्हणजे नीट चालेल असेही नाही. ‘ही रॅम चांगली आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. चांगली असेल; पण कशाशी? वैशेषिक लोक ‘संयोग’ हा गुण मानतात, पण तो एका वस्तूत मावणारा गुण नव्हे, दोन वस्तूंत मिळून राहणारा. जुळणेही तसेच. ते पट्टीच्या अंगी नसते, यंत्राच्याही अंगी नसते. दोघांच्या मध्ये असते. म्हणून नुसती पट्टी बघून कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, ‘चालेल’ असे सांगू शकत नाही.

मग तपासायचे कसे? शब्दांचे वाक्य कधी होते, याचा विचार करताना आपल्या नैयायिकांनी तीन अटी सांगितल्या: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. ‘होडी, कोळी, समुद्र, जाळे’ असे नुसते म्हटले तर वाक्य होत नाही. एका शब्दाला दुसऱ्याची ओढ नाही, आकांक्षा नाही. ‘विस्तवाने रोपांना पाणी घातले’ म्हटले तर व्याकरण ठीक, पण अर्थ बसत नाही, योग्यता नाही. आणि ‘होडी’ आज म्हणालो, ‘आली’ उद्या म्हणालो, तर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही; सन्निधी नाही. या तीन अटी रॅमला लावून बघा, आश्चर्य वाटावे इतक्या नीट लागतात.

पहिली अट: आकांक्षा

यंत्राला मेमरीची ओढ आहे का? कमतरता खरोखर मेमरीचीच आहे का? विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवा, दोन-चार पाने उघडा, एक हिशेबाची फाइल उघडा, आणि आकडे बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर ओटा लहान आहे. मेमरी ५०-६० टक्के आणि डिस्क मात्र १०० टक्के असेल तर दुखणे कोठीचे आहे. तिथे फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जास्त फरक पडतो. दुखणे पोटाचे आणि औषध डोळ्यांत, असे होऊ नये.

दुसरे, यंत्राला आणखी मेमरी ओळखता येते का? विंडोज ३२ बिटांची असेल तर तिच्याकडे मोजायला पत्ते किती? दोनाचा ३२ वा घात: ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स वगैरे जोडणीसाठी राखीव जातात, म्हणून ४ जीबी लावली तरी वापरायला तीन-साडेतीनच मिळते. तिथे ८ जीबी लावणे म्हणजे दहा घरांच्या गल्लीत वीस पत्रे पाठवणे. आधी ६४ बिटांची प्रणाली घाला, मग मेमरीचा विचार करा.

तिसरे, जागा आहे का? टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘दोनपैकी एक स्लॉट वापरात’ असे लिहिलेले दिसते. काही यंत्रांत स्लॉटच नसतो. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात गावी ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप चिवट होते, कमी विजेवर चालत. पण त्यांची २५६ एमबी मेमरी बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली होती. तिथे जुळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि वाढवण्याचाही नाही. आजच्या पातळ लॅपटॉपांपैकी पुष्कळांची गत हीच आहे.

आणि एक स्पष्ट सांगतो. विंडोज ११ साठी मेमरी वाढवायला निघाला असाल तर थांबा. त्या प्रणालीला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि प्रोसेसर नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. दहा-बारा वर्षांच्या यंत्रात १६ जीबी घातली म्हणून ही अट पुरी होत नाही. अशा यंत्रासाठी लिनक्सचा विचार करावा.

दुसरी अट: योग्यता

खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ.

*पिढी.* डीडीआर पहिली, १८४ पिना, २.५ व्होल्ट. डीडीआर२, २४० पिना, १.८ व्होल्ट. डीडीआर३, पुन्हा २४० पिना, १.५ व्होल्ट. डीडीआर४, २८८ पिना, १.२ व्होल्ट. डीडीआर५, पुन्हा २८८, पण १.१ व्होल्ट. बघा, दोन ठिकाणी पिनांची संख्या सारखी आहे, आणि डेस्कटॉपच्या या सगळ्या पट्ट्यांची लांबी सुमारे १३३ मिलिमीटरच. नुसते डोळ्यांनी पाहून फसायला होते. म्हणून करार लिहिणाऱ्यांनी खाचेची जागा दर पिढीत सरकवली. ती खाच म्हणजे दारावरचा पहारेकरी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती बसू नये अशीच तिची रचना केलेली असते. जोर लावून पट्टी, स्लॉट किंवा दोन्ही मोडतात.

*व्होल्टेज.* डीडीआर३ मध्ये एक पोटजात आहे, डीडीआर३एल. ती १.३५ व्होल्टवर चालते. खाच तीच, पिना त्याच. इथे पहारेकरी मदत करत नाही. डीडीआर३एलची पट्टी बहुतेक करून १.५ व्होल्टच्या यंत्रातही चालते. ती आपल्या दोन विजांच्या इंजिनासारखी. पण उलट होत नाही. चौथ्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपांना १.३५ चीच पट्टी लागते. साधी डीडीआर३ लावली तर यंत्र उठत नाही. संशय असेल तर ‘एल’ घ्यावी.

*कमाल मर्यादा.* ही पट्टीवर लिहिलेली नसते, चिपसेटवर ठरते. आपल्याकडे फार खपलेले तीन बोर्ड सांगतो. इंटेल जी३१ चा बोर्ड: डीडीआर२, कमाल ४ जीबी. जी४१: डीडीआर२ किंवा डीडीआर३, कमाल ८ जीबी. एच६१: डीडीआर३, दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. जी४१ च्या काही ‘कॉम्बो’ बोर्डांवर दोन्ही पिढ्यांचे स्लॉट शेजारी-शेजारी दिसतात. त्याचा अर्थ दोन्ही एकदम वापरा असा नाही. एक घर दोन भाडेकरूंसाठी बांधले, पण राहायचे एका वेळी एकानेच. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. ‘सीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅमही ते दाखवतो. नाव मिळाले की कंपनीच्या माहितीपत्रकात मर्यादा बघा.

*चिपची घनता.* पिढी बरोबर, व्होल्टेज बरोबर, मर्यादेच्या आत, तरी पट्टी चालत नाही, असा अनुभव जी४१ वाल्यांना येतो. दुकानदार म्हणतो बोर्ड खराब, गिऱ्हाईक म्हणते रॅम खराब. दोघेही बरोबर नसतात.

पट्टीवर काळे चौकोन दिसतात त्या चिप्स. नेहमीच्या पट्टीत एक चिप एका वेळी ८ बिट देते. आठ चिप्सची रांग ६४ बिट देते, आणि नियंत्रकाला एका खेपेला तेवढेच लागतात. आता ४ जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते. दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स, प्रत्येकी २ गिगाबिट. किंवा आठच चिप्स, प्रत्येकी ४ गिगाबिट. बेरीज एकच. पण २ गिगाबिटच्या चिपमधली ओळ हाक मारून बोलवायला पत्त्याच्या १५ तारा पुरतात, कारण तिथे ओळी ३२,७६८ आहेत. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळी ६५,५३६. तिथे सोळावी तार लागते. जुना नियंत्रक ती सोळावी तार जाणतच नाही. मग एक तर निम्मी मेमरी दिसते, किंवा यंत्र उठतच नाही. अशा बोर्डासाठी ४ जीबीची पट्टी घेताना १६ चिप्सची मागून घ्या. दोन्ही बाजूंना आठ-आठ मोजा. लहान मुलालाही मोजता येतील.

डीडीआर२ मध्ये याच जातीचा आणखी एक फसवा माल आहे. ४ जीबीच्या स्वस्त पट्ट्या ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जातात. त्यांची आतली पत्त्यांची मांडणी वेगळी असते, ती इंटेलच्या बोर्डाला कळत नाही. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात असते. ती वाचा.

*जात.* सर्व्हरमधून निघालेली मेमरी स्वस्तात मिळते. डीडीआर३ ची ‘रजिस्टर्ड’ पट्टी घरच्या संगणकाच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते आणि घरचा संगणक तिच्याशी एक शब्द बोलत नाही. तिथे मध्ये एक दुभाषा चिप असते. घरच्या नियंत्रकाला दुभाष्यामार्फत बोलण्याची सवय नाही.

हे सगळे ओळखायचे कसे? पट्टीवरची चिठ्ठी वाचा. समजा लिहिले आहे: ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००यू’. ‘४जीबी’ कळले. ‘२आर’ म्हणजे चिप्सच्या दोन रांगा, ‘एक्स८’ म्हणजे एक चिप ८ बिट देते. अर्थात आठ दुणे सोळा चिप्स. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज. १२८०० म्हणजे सेकंदाला मेगाबाइट. त्याला ८ ने भागले की वेग मिळतो, १६००. शेवटचे अक्षर जात सांगते: ‘यू’ म्हणजे घरच्या संगणकाची साधी पट्टी, ‘एस’ लॅपटॉपची, ‘आर’ सर्व्हरची रजिस्टर्ड. एवढ्या एका ओळीत पट्टीची सगळी कुंडली आहे. पण कुंडली एकट्याची बघून भागत नाही, दोघांच्या जुळवाव्या लागतात. म्हणून बोर्डाची माहिती शेजारी ठेवूनच ती वाचावी.

तिसरी अट: सन्निधी

आता पट्टी योग्य आहे. ती शेजाऱ्याबरोबर कशी नांदते?

प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी नावाची. पट्टीचा वेग, व्होल्टेज, विलंब तिच्यात लिहून ठेवलेले असतात. संगणक सुरू होताना बायोस आधी ही नोंद वाचतो. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असतील तर दोघींना झेपेल अशा वेगाने, म्हणजे हळू चालणारीच्या पायाने, दोघींना चालवतो. एच६१ च्या बोर्डावर दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर १६०० ची पट्टीही १३३३ नेच चालते. त्यात बिघाड काही नाही. फक्त जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सारख्या दोन पट्ट्या जोडीच्या स्लॉटांत लावल्या तर नियंत्रक दोन वाटांनी एकदम काम करतो. एका ८ च्या पट्टीपेक्षा दोन ४ च्या पट्ट्या काही कामांत सरस ठरतात त्या यामुळे.

सन्निधीचा दुसरा अर्थ साधा आहे: स्पर्श. झाईला समुद्र दाराशी आहे. बोंबील सुकवणारी हवा संगणकालाही लागते. खारट दमट हवेने पिनांवर आणि स्लॉटमध्ये थर धरतो, आणि चांगली मेमरी खराब असल्याचे सोंग आणते. संगणक बीप बीप करतो, पडदा काळा राहतो. म्हणून नवी पट्टी घेण्याआधी जुनी काढून पुसून बघा. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, सुरू करण्याचे बटण दोन-चार सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. दोन्ही बाजूंच्या कड्या उघडा, पट्टी कडेला धरून काढा. सोनेरी पिनांवरून मऊ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा पूर्ण झटका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. परत बसवताना कड्या ‘टक्’ असा आवाज करून आपोआप लागल्या पाहिजेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते आणि एक पैसा खर्च होत नाही.

बसवून झाल्यावर ‘मेमटेस्ट८६+’ या फुकट प्रोग्रॅमने निदान एक पूर्ण फेरी तपासणी करा. रात्रभर चालू ठेवली तर उत्तम. आम्ही यावर भर देतो, कारण बंद पडलेली मेमरी बरी, पण अर्धवट खराब मेमरी घातक. ती बंद पडत नाही. ती गुपचूप एखादा ० चा १ करते. सोसायटीच्या हिशेबात, मुलाच्या प्रकल्पात, घरच्या फोटोंत काय बिघडले ते महिन्यांनी कळते, आणि तोवर बिघडलेल्याचीच प्रत पेनड्राइव्हवरही गेलेली असते. तपासणीत एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करा. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा: जुळली नाही तर किती दिवसांत परत घ्याल? वापी असो, डहाणू असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. बिलावर लिहून घ्या.

इथे आमचे बोलणे थांबवतो. तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

*सर, दोन वेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र चालतात का?*

पुष्कळदा चालतात. कंपनीपेक्षा करार महत्त्वाचा: पिढी, व्होल्टेज, जात एक हवी. पण ‘चालतील’ याची हमी नाही. बिघडले तर एकेक पट्टी वेगळी लावून बघा. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र अडतात, असे झाले तर दोष पट्टीचा नाही, त्या जोडीचा आहे.

*आमच्या लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपची रॅम कापून वगैरे बसते का?*

नाही हो, कापू नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिला एसओ-डिम म्हणतात, आणि पिना वेगळ्या: डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०. आधी मागचे झाकण उघडून स्लॉट आहे का ते बघा. नसेल तर मेमरीचा खर्च वाचला असे समजा.

*मोबाइलमध्ये ‘रॅम वाढवा’ असा पर्याय येतो. ते खरे आहे का?*

तिथे साठवणुकीतला थोडा तुकडा रॅमसारखा वापरतात. कोठीत एक पाट मांडून त्याला ओटा म्हणण्यासारखे. थोडा उपयोग होतो, पण खऱ्या रॅमचा वेग त्याला येत नाही.

*बायोस अपडेट केला की जास्त रॅम घेतो असं ऐकलंय.*

काही बोर्डांत अपडेटमुळे नवी पट्टी ओळखली जाते, हे खरे. पण जी तार चिपसेटमध्ये नाहीच ती अपडेटने उगवत नाही. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे करू नये.

*शाळेत आठ-दहा जुने संगणक आहेत. नवीन रॅमला पैसे नाहीत. काय करावं?*

बाजारात जाण्याआधी शाळेतच बाजार भरवा. मुलांना हाताशी घ्या. सगळ्या यंत्रांतल्या पट्ट्या काढा, चिठ्ठ्या वाचून पिढीप्रमाणे वेगळ्या ठेवा, बोर्डांची नावे वहीत लिहा. मग कुठली पट्टी कुठल्या बोर्डाशी जुळते त्याचा तक्ता करा. दोन-दोन जीबीची चार अडलेली यंत्रे असतील तर त्यांतून चार-चार जीबीची दोन चालती यंत्रे निघू शकतात. त्यांच्यावर हलकी लिनक्स घाला. जे यंत्र खरोखर संपले आहे ते अंगणात जाळू नका किंवा खाडीत टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या. आणि काढलेली प्रत्येक चांगली पट्टी कागदात गुंडाळून, वर चिठ्ठीवरचा मजकूर लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी कुठल्या तरी यंत्राला तिचीच गरज लागेल.